पुढचं तिखट, मागचं तिखट

आत्यानं करंगळीचं टोक त्या काळपट लाल रसात बुडवलं, जिभेला लावलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसली. मी आणि माझी भाची तिच्या तोंडाकडं बघत. बाहेर बेळगावच्या शहापुरातला जुलैचा पाऊस, चार दिवस झाले थांबायचं नाव नाही. स्वयंपाकघरात कोरियन नूडल्सच्या पुडीतला गोडसर, करपट, लसणीचा वास भरून राहिलेला.

"पुढं काय बोलंना हे," आत्या म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "आलं. मागनं आलं." तिनं कानाच्या पाळीखाली बोट ठेवलं. "हितं लागलं बघ. लबाड हाय."

भाचीनं वहीत लिहिलं: काळं पाकीट. लबाड.

ही वही भाचीची. ती गडहिंग्लजची, इथं इंजिनिअरिंगला आहे आणि आमच्याकडंच राहते. तिच्या वर्गात ईशान्येकडची दोन-तीन मुलं आहेत, त्यांच्या नादानं तिला या झणझणीत रामेनची गोडी लागली. आता टिळकवाडीतल्या दुकानात अशा पाकिटांची अख्खी मांडणी असते. काळं, लाल, गुलाबी, जांभळं. पाकिटावर आग ओकणारी कोंबडी नाहीतर घामाघूम झालेला चेहरा, मागच्या बाजूला इंग्रजीतला आयातदाराचा कागद चिकटवलेला आणि बाकी सगळं कोरियन. पहिलं पाकीट घरात आलं तेव्हा आत्यानं ती गोल-गोल अक्षरं लांब धरून बघितली आणि विचारलं, "हे कुठलं गं कानडी?" तिची शाळा मराठी. कानडी तिला येतं ते बाजारापुरतं आणि बसवरच्या पाट्यांचे आकार पाठ आहेत म्हणून. सीमाभागात माणूस न येणारी लिपीसुद्धा वाचायचा प्रयत्न सोडत नाही, हे काही वेगळं सांगायला नको.

तर भाची प्रत्येक पाकिटाला दहापैकी गुण द्यायची. मला म्हणाली, "मामा, तू पण दे की." मी विचारलं, कशाचे गुण? "तिखट किती आहे त्याचे." मी म्हटलं, बाई गं, तुझ्या आज्जीपुढं बसून एवढाच प्रश्न विचारलास तर ती तुला हाकलून देईल. तिखट किती, हा प्रश्नच ती कधी विचारत नाही. ती विचारते, कुठं लागतंय, कधी लागतंय आणि गेल्यावर मागं काय ठेवतंय.

आत्या वडगावात एका डंकावर होती. बावीस-तेवीस वर्षं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या भागात चटणी म्हणजे खोबरं-कोथिंबिरीची ओली चटणी नव्हे. चटणी म्हणजे कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे आणि गरम मसाला घालून कुटलेलं लाल तिखट. वर्षभर बरणीत असतं आणि आमटीपासून मटणापर्यंत सगळ्यात पडतं. पुण्याच्या पाहुण्याला "भाजीत थोडी चटणी घाला" म्हटलं की तो फ्रीज उघडतो. ही चटणी जिथं कुटून मिळते तो डंक. लोखंडी मुसळं खालीवर नाचत असतात, भिंतीपासून विजेच्या दिव्यापर्यंत सगळं तांबडं झालेलं, आणि आत पाऊल टाकलं की पहिली शिंक. शेजारी मागांचा खडखडाट, इकडं डंकाचा धाडधाड. आत्याचा आवाज अजून मोठा आहे तो त्यामुळं.

एप्रिल लागला की बायका मिरच्या घेऊन यायच्या आणि कुटायला टाकायच्या आधी आत्यापुढं पिशवी उघडायच्या. आधी ती मिरची कानाशी हलवायची. बी खुळखुळलं नाही तर "पाणी मारलंय, दोन दिस वाळव" म्हणून परत पाठवायची. मग देठ मोडून वास. मग आतली पांढरी शीर नखानं काढून बाजूला ठेवायची, नुसती साल दाताखाली धरायची आणि शेवटी त्या शिरेला जिभेचं टोक लावायचं. बी ती कधी चाखायची नाही. "बियात काय नसतं, तिखट शिरेत असतं." पुढं कधीतरी मी वाचलं तेव्हा कळलं की मिरचीतलं कॅप्सेसिन तयार होतं ते खरोखरच त्या पांढऱ्या शिरेत. बियांना ते नुसतं लागलेलं असतं.

बेडगी आणि संकेश्वरी, या दोन मिरच्यांवर आमच्या भागाचं स्वयंपाकघर उभं आहे. बेडगी हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची. सुरकुतलेली, रंगाला गडद, तिखटाला मवाळ. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. संकेश्वरी आमच्याच जिल्ह्यातली, हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरची. लांब, सडपातळ, आणि स्वभाव विचारू नका. आत्याचं प्रमाण दोनाला एक, म्हणजे दोन किलो बेडगीला किलोभर संकेश्वरी. नुसती बेडगी घातली तर आमटी लग्नातल्या नवरीसारखी दिसते आणि तोंडातून शब्द फुटत नाही. नुसती संकेश्वरी घातली तर जेवणारे बोलायचे बंद होतात. बेडगी ओठाला ऊब देते. संकेश्वरी टाळ्याला लागते, पण घसा सोडून देते. लवंगी जिभेच्या टोकाला टाचणी टोचते आणि गप्प बसते. हे सगळं आत्याचं. या लागण्यालाच ती 'पुढचं तिखट' आणि 'मागचं तिखट' म्हणते. घास तोंडात असताना कळतं ते पुढचं. गिळून झाल्यावर, पाण्याचा तांब्या हातात घेताना कळतं ते मागचं.

यात नुसती कल्पना नाही. मिरचीत कॅप्सेसिन एकटं नसतं, डायहायड्रोकॅप्सेसिन, नॉरडायहायड्रोकॅप्सेसिन अशी त्याची भावंडं असतात आणि त्यांचं प्रमाण जातीजातीत वेगळं पडतं. शिवाय हे सगळे तेलात विरघळणारे. ते कशातून येतं, भाकरीवरच्या कोरड्या चटणीतून की तर्रीतून, यावरही त्याची पोहोचण्याची वेळ ठरते.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. आत्याला वास येत नाही. २०२१ च्या मेमध्ये ती तापानं फणफणली, बरी झाली, पण वास गेला तो आलाच नाही. वास गेला म्हणजे चव गेली. हे आम्हाला कळायला महिना लागला. ती जेवायची, पण आमटी, रस्सा, पिठलं सगळं एकच. मीठ कळतं, आंबट कळतं, साखर कळते. धणे कळत नाहीत, हिंग कळत नाही, दगडफूल तर नाहीच. जिच्यापुढं गल्लीतल्या बायका पिशव्या उघडून बसायच्या, ती आमटीचा भुरका घेऊन माझ्याकडं बघायची आणि हळूच विचारायची, "बरी झालीय न्हवं?"

राहिलं ते तिखट. तिखट ही मुळात चवच नव्हे. जिभेवर उष्णतेनं होणारी वेदना ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात, साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढं चटका बसला की ते मेंदूला ओरडून सांगतात. कॅप्सेसिन जाऊन नेमकं त्यालाच चिकटतं आणि काही भाजलेलं नसताना तो ओरडायला लागतो. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये हा ग्राहक शोधून काढला, २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्याचा वाटा आहे. ही ओरड वासाच्या मज्जातंतूनं जात नाही आणि चवीच्याही नाही, चेहऱ्याचं दुखणं-खुपणं मेंदूला कळवणाऱ्या मज्जातंतूनं जाते. म्हणून नाक बंद असलं तरी ठसका लागतोच. ज्या वर्षी आत्याचा वास गेला त्याच वर्षी तिखटाला नोबेल मिळालं, याचं मला उगाचच बरं वाटलं होतं.

म्हणून भाचीच्या वहीसाठी आमची वाटणी ठरली. तिखट आत्या सांगणार, वास आणि चव मी. भाची शिजवणार, लिहिणार आणि उरलेलं संपवणार.

पहिल्या दिवशी आम्ही तीन पाकिटं एकदम केली आणि गोंधळ घातला. दुसऱ्या वाडग्यापर्यंत तिघांच्याही जिभेचं भान सुटलं. तिसरं पाकीट, जे भाचीच्या मते सगळ्यात जहाल, ते मला दूध-भातासारखं लागलं. जीभ थकते, किंबहुना बधिर होते. अमेरिकेतल्या विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञाला १९१२ मध्ये हीच अडचण असणार. त्यानं मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत न्यायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागायचं बंद होईपर्यंत पाणी वाढवत राहायचं, अशी पद्धत काढली. जितकं पातळ करावं लागलं तो आकडा. आज यंत्रानं कॅप्सेसिन मोजतात आणि त्याचा हिशेब करून आकडा काढतात, पण नाव स्कोव्हिलचंच राहिलं. रामेनच्या चाहत्यांत हे आकडे क्रिकेटच्या धावांसारखे तोंडपाठ असतात. बुलडाक या कोरियन रामेनच्या मूळ प्रकाराचा ४,४०४ हा आकडा भाचीनं मला झोपेतनं उठवलं तरी सांगितला असता.

"बुलडाक म्हणजे काय?" आत्यानं विचारलं.

"बुल म्हणजे आग, डाक म्हणजे कोंबडी, आज्जी."

"डाक म्हणजे पोस्ट. आगीचं पोस्ट. उशिरा पोचतंय म्हणून तसं म्हणत असतील."

आकड्याला आत्याच्या लेखी काही किंमत नाही. आणि मला तिचं पटतं. मवाळ म्हणून जिची ख्याती त्या बेडगीचा स्कोव्हिलसुद्धा हजारांत जातो, कारण तो मिरचीच्या वजनावर काढलेला असतो. वाडगाभर नूडल्सवर ओतलेल्या रसाचा आकडा आणि चिमूटभर तिखटाचा आकडा शेजारी ठेवून काय कळणार? पाऊस किती मिलिमीटर झाला ते सांगितल्यानं तो रात्री झाला की कपडे वाळत असताना, हे थोडंच कळतं.

दुसऱ्या दिवसापासून एका वेळी एकच पाकीट. आधी साधा भात एक घास, मग नूडल्स, मग थांबायचं. पाणी पिऊन उपयोग नसतो, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतं. दूध-दही चालतं, कारण दुधातलं केसीन त्याला जिभेवरून उचलून नेतं. आम्ही त्याहून सोपा बेळगावी मार्ग काढला. प्रत्येक फेरीनंतर अर्धा चमचा कुंदा. आटवलेलं दूध, खवा आणि करपत आलेली साखर, जिभेला शांत करणारं सगळं एकाच चमच्यात. कोरियन माणसाला या उपायाचा शोध लागलेला नाही याबद्दल मला त्याची दया येते. यात एकच गोम आहे, चौथ्या दिवसापासून भाची नूडल्सपेक्षा कुंद्यासाठी थांबायला लागली.

आता लाल पाकिटाबद्दल. रस्सेदार, पातळ, वर सुक्या कांद्याच्या पातीचे आणि अळंब्याचे तुकडे तरंगणारे. याची मिरची पहिल्या भुरक्यालाच वाफेबरोबर नाकात शिरते. मी खोकलो, आत्या खूश झाली. "हे सरळ माणूस हाय. दारातनंच हाक मारतंय." तिखट जिभेच्या दोन्ही कडांना, घाम कपाळावर, आणि वाडगा संपेपर्यंत सगळं साफ. वास मिरे आणि लसणीचा, खाली गोमांसाच्या रश्श्यासारखं काहीतरी, जे या शाकाहारी पाकिटात सोया आणि अळंब्यानं आणलेलं. हे पाकीट मला आवडलं. पावसात, तेही रात्रीच्या जेवणाच्या आधी, याच्यासारखं दुसरं नाही.

काळं पाकीट म्हणजे सुकं. नूडल्स शिजवायच्या, पाणी आठ चमचे ठेवून बाकी ओतून द्यायचं आणि पुडीतला रस परतायचा. इथं पहिल्यांदा साखर भेटते. मग भाजका, किंचित धुरकट वास, मग सोया सॉसचं खारेपण, आणि तुम्ही म्हणता, एवढंच? तिसऱ्या घासाला कळतं की मघापासून कुणीतरी मागच्या दारानं आत येऊन बसलंय. रस तेलकट आणि घट्ट, नूडल्सच्या प्रत्येक पदराला चिकटलेला, त्यामुळं तिखट जिभेवर सांडून जात नाही, चिकटून बसतं. माझ्या अंदाजानं आत्या ज्याला लबाडी म्हणते ती या साखरेची आणि तेलाची. कोल्हापुरी तांबडा रस्सा आधी मारतो आणि मग चव देतो. हे आधी लाडीगोडी लावतं.

आणि रंग. तो लाल रंग बघून मी आत्याला म्हटलं, बेडगीसारखा आहे न्हवं? ती म्हणाली, बेडगीचा रंग बोटाला लागला की धुऊन जात नाही, याचं बघू. तिनं पदराच्या टोकाला बोट पुसलं. दोन धुण्यांनंतरही डाग तिथंच. मिरचीतनं रंग आणि तिखट काढून घेतलेला दाट अर्क असतो, त्याला ओलिओरेझिन म्हणतात. बेडगीसारख्या रंगाच्या मिरचीला कारखान्यांची मागणी असते ती त्यासाठीच. त्यामुळं आता परदेशी लाल काही दिसलं की मी त्याच्याकडं भाऊबंदाच्या नजरेनं बघतो. तसं म्हटलं तर मिरची मुळात आपलीही नव्हे. पोर्तुगीजांनी ती अमेरिकेतनं आणली, गोव्यात उतरवली, आणि गोव्याहून घाट चढला की पहिले आम्हीच. संकेश्वरीचा अभिमान बाळगताना हे विसरायला होतं.

नूडल्सकडं मात्र माझं लक्ष उशिरा गेलं. सगळी चर्चा रसाची, आणि ज्याच्यावर रस बसतो त्याचं कुणी नाव घेत नाही. आत्यानंच विषय काढला. तिला वास नाही, त्यामुळं दाताखाली काय येतं याकडं तिचं लक्ष जास्त. "याला ओढ हाय," ती म्हणाली. नूडल्सचा एक पदर तिनं दोन बोटांत धरून ताणला, तो तुटेना. "शेवईला असली ओढ आणायला आमची आई पीठ रात्रभर भिजवून मुसळानं कुटायची."

मग नूडल्स राहिल्या बाजूला. मे महिन्यातल्या दुपारी, तिरका लावलेला पाट, त्यावर बसलेली एक बाई तळव्यानं पीठ घासत खाली सोडतेय, दुसरी ते धागे झेलून काठीवर लांबवतेय, तिसरी उन्हात काठ्या मांडतेय. धागा तुटला की झेलणारीला शिव्या. वाळलेल्या शेवया डब्यात भरल्या की वर्षभर पाहुणा आला, पाणी उकळलं, झालं. झटपट नूडल्स म्हणजे आणखी काय असतं?

फरक वाळवण्यात आहे. जपानमध्ये ओसाकाजवळच्या इकेदा गावात मोमोफुकु आंदो नावाच्या माणसानं घरामागच्या खोपटात खटपट करून १९५८ मध्ये जगातली पहिली झटपट रामेन बाजारात आणली. शेवया उन्हात वाळवायच्या ऐवजी त्यानं वाफवलेल्या नूडल्स तेलात तळल्या. बायकोला तेंपुरा तळताना बघून त्याला ते सुचलं असं सांगतात. गरम तेलात नूडल्समधलं पाणी फुटून बाहेर पडतं, जाताना बारीक छिद्रं ठेवून जातं, आणि पुढं उकळतं पाणी त्याच वाटांनी आत शिरतं. म्हणून तीन-चार मिनिटांत शिजतं. त्या लाटा-लाटासुद्धा शोभेच्या नाहीत. पिठाची पट्टी जितक्या वेगानं कापली जाते त्यापेक्षा खालचा पट्टा हळू सरकतो, म्हणून धागे दुमडत जातात. आणि आत्याला जाणवलेली ती ओढ, ती पिठात घातलेल्या क्षारांची. पाकिटावर ५००, ५०१ असे आकडे असतात ते हेच, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. आमचा पापडखार म्हणा. त्यानंच पिठाला पिवळसर झाकही येते. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "मग पापडासारखं लाटून खायचं की."

एका बाबतीत मात्र आमची भाषा या पाकिटांना पुरून उरली. जपानी लोक उमामी म्हणतात ती चव. किकुनाए इकेदा या प्राध्यापकानं १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. आजकालच्या मराठी लेखांत हा शब्द तसाच उचललेला असतो, जणू आपल्याकडं ती चवच नव्हती. आमच्या घरात मटणाचा अळणी रस्सा पहिल्यांदा चमच्यात घेऊन विचारतात, "गोडी आली काय?" ही गोडी साखरेची नव्हे. हाडाची गोडी, कटाच्या आमटीची गोडी, कुळथाच्या कढणाची गोडी. आली की आली, नसली तर कितीही चटणी घाला, रस्सा पोकळच. पाकिटामागं ६२१ आणि ६३५ असे आकडे असतात. एक ग्लुटामेट, दुसरं त्याच्या जोडीला बसलं की गोडी कितीतरी पटीनं वाढवणारं. या दोघांनी मिळून एवढ्याशा पुडीत हाडं उकळल्याचा आव आणलेला असतो.

आव चांगला असला तर माझी तक्रार नाही. आणि ही गोडी आत्याला कळते. ती जिभेवरची आहे, नाकातली नव्हे. लाल पाकिटाचा रस्सा तिनं दुसऱ्यांदा मागून घेतला तेव्हा मी कारण विचारलं. म्हणाली, "गोडी हाय. लई दिसांनी कळली."

मी काही बोललो नाही. भाचीनं ते वहीत लिहिलं नाही.

माझी फजिती मधल्या एका शुक्रवारची. दिवसभर उपाशी होतो, घरी कुणी नव्हतं, आणि मांडणीत एक पाकीट राहिलेलं. कुठलं ते सांगत नाही, दोष माझाच. पूर्ण पुडी ओतली. खाताना मजा वाटली. अर्ध्या तासानं उचकी लागली, मग पोटात कुणीतरी डंक सुरू केल्यासारखं झालं, आणि रात्री एक वाजता मी फ्रीजपुढं फरशीवर बसून दह्याचं भांडं मांडीत घेऊन खात होतो. आत्या उठली, बघितलं, दिवा मालवून परत जाऊन झोपली. सकाळी एवढंच म्हणाली, "मागचं तिखट घशात संपत न्हाई म्हणून सांगितलं होतं." २०२४ च्या जूनमध्ये डेन्मार्कच्या अन्न खात्यानं बुलडाकचे तीन प्रकार फार जहाल म्हणून बाजारातून काढायला लावले आणि महिन्याभरात त्यातले दोन परत येऊ दिले. ती बातमी आली तेव्हा मी हसलो होतो. आता मुलांच्या हातात हे पाकीट देताना मी पुडी अर्धीच फोडायला सांगतो.

देशी कंपन्यांनी काढलेल्या 'कोरियन चवी'च्या पाकिटांवर फार वेळ घालवला नाही. वरवर तीळ आणि साखर, खाली आपला नेहमीचा धणे-जिरे मसाला. १९८३ पासून आपल्याकडं झटपट नूडल्स म्हटलं की जी मसाल्याची चव तोंडात बसली आहे ती कितीही झाकली तरी डोकं वर काढतेच. वाईट नाही. कोरियन मात्र नाही. आत्यानं जीभ लावून "हे वळखीचं हाय" म्हणून वाडगा भाचीकडं सरकवला.

वहीची शेवटची दोन पानं उरली होती. भाची म्हणाली, आता घरची चटणी पण लिहू, नाहीतर तुलना कशाशी? आम्ही एका साध्या पाकिटातली पुडी बाजूला ठेवली, नुसत्या नूडल्स शिजवल्या, लोखंडी कढईत चमचाभर तेलात यंदाची चटणी परतली आणि वर घातल्या. आत्यानं खाल्लं, घड्याळाकडं बघितलं नाही. "ओठाला ऊब. टाळ्याला जरा. मागं काय न्हाई. बरोबर झालंय यंदा." मग माझ्याकडं वळली. "वास सांग."

मी वास घेतला. खोबरं, लसूण, दगडफूल, सगळं जागच्या जागी. आणि त्याखाली एक कडवट, काळपट धागा. खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं, पण भाची पेन उघडून बसली होती.

"धणे थोडे जास्त भाजलेत," मी म्हणालो.

आत्यानं चमचा खाली ठेवला. "धणे कुणी भाजले होते?"

मी उठलो आणि नूडल्सचं पातेलं घासायला घेतलं.